आंब्याचं ॲप काढावं का? इंटरनेटवरचे धंदे टिकतात कसे, बुडतात कसे

#१ खाडीकाठ (देवगड)

मंडळी, नमस्कार. हंगाम आटोपला, पाऊस दाराशी आला, म्हणून काल आंब्याची खोली झाडायला घेतली. माळ्यावर मागच्या बाजूला पुठ्ठ्याचे साडेतीनशे बॉक्स निघाले. दोन डझनाचे, गुळगुळीत कागदाचे, वर हिरव्या-पिवळ्या रंगात एका कंपनीचं नाव आणि वेबसाइट. एकही वापरलेला नाही.

२०१६ची गोष्ट. पुण्यातल्या तीन मुलांनी ही कंपनी काढली होती. नाव लिहीत नाही, मुलं वाईट नव्हती. बागेतून आंबा उचलायचा आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या दारात. मधे दलाल नाही, आडत नाही. पहिल्या हंगामात वाशीच्या घाऊक बाजाराच्या दीडपट भाव दिला, पैसे आठवड्याच्या आत खात्यावर. दुसऱ्या हंगामात मी वाशीला माल पाठवणं जवळजवळ बंदच केलं. एप्रिलचे पैसे मेच्या शेवटी आले. मेचे आलेच नाहीत. जूनमध्ये फोन लागेना, जुलैत वेबसाइट उघडेना. माझे ८४ हजार अडकले ते अडकलेच.

वाशीचा दलाल काय कापायचं ते कापो, पण पट्टी हातात देतो. किती पेट्या, काय भाव, आडत किती, हमाली किती, सगळं कागदावर. माझा या कंपनीशी हिशेब होता तो त्यांच्या वेबसाइटवर, माझ्या नावाच्या खात्यात. वेबसाइट गेली तशी पट्टीही गेली. मागायला जायचं तर दाखवायला काही नाही. आणि पैशापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. दोन वर्षांत माझा आंबा पाचसहाशे घरांत गेला असेल, पण त्यातल्या एका घराचाही पत्ता माझ्याकडे नाही.

आता माझा भाचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो दोन मित्रांना घेऊन हेच करायचं म्हणतो. माझ्या चाळीस कलमांचा आंबा उधारीवर आणि वर ३ लाख रुपये मागतोय. गणपतीला येईल तेव्हा उत्तर द्यायचं आहे. दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताक ओतून देणंही बरोबर नाही. तुमच्यातल्या कुणी हे धंदे आतून पाहिले असतील तर सांगा. काही वीसवीस वर्षं टिकतात, काही दोन हंगामांत संपतात, हे कशावर ठरतं?

#२ सुरंगी (गुहागर)

दादा, वाचून तुटलं आतून. मी एकदा त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९९च्या दिवाळीनंतर मी अंधेरीला एका पोर्टलमध्ये लागले. बातम्या, राशिभविष्य, पाककृती, सगळं एका ठिकाणी. त्याच नोव्हेंबरात सत्यम इन्फोवेने राजेश जैन यांचं इंडियावर्ल्ड हे पोर्टल ४९९ कोटींना विकत घ्यायचं ठरवल्याची बातमी आली, आणि ऑफिसात त्या आकड्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. आम्ही चाळीस जण होतो. महिन्याचा खर्च २२ लाखांच्या घरात. जाहिरातींचं उत्पन्न सगळ्यात चांगल्या महिन्यात ९० हजार. बिलं मीच काढायचे, म्हणून आकडे अजून पाठ आहेत. विचारलं की उत्तर ठरलेलं: आधी वाचक येऊ देत, पैसा मागून येईल.

१० मार्च २०००ला अमेरिकेतल्या शेअर बाजाराचा नॅसडॅक निर्देशांक ५०४८वर होता. ऑक्टोबर २००२मध्ये १११४. आमच्यापर्यंत हादरा फार लवकर पोचला. पैशाचा दुसरा हप्ता देणाऱ्यांनी मेमध्ये हात आखडता घेतला. गणपती करून मी मुंबईला परतले तर दाराला कुलूप. दोन महिन्यांचा पगार गेला. पण मला अजून वाईट वाटतं ते आमच्या पाककृतींचं. गावोगावच्या बायकांनी पोस्टाने पाठवलेल्या होत्या, मी हाताने टाइप केल्या होत्या. त्यातली एकही आज कुठे सापडत नाही.

नंतर बरीच वर्षं मी या प्रश्नाच्या मागे होते की सगळेच तोट्यात होते, तर काही वाचले कसे?

वेबव्हॅन बघा. अमेरिकेत किराणा घरपोच देणारी कंपनी. आज आपल्याकडे शहरांत दहा मिनिटांत दूध येतं, म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. पण त्यांनी एका शहरात जम बसायच्या आधीच देशभर यांत्रिक गोदामं बांधायला घेतली. बेक्टेल या बांधकाम कंपनीशी केलेला करार १ अब्ज डॉलरचा होता. गोदाम अर्धं रिकामं राहिलं तरी त्याचा खर्च पूर्ण असतो. आणि गाडी एका गल्लीत दहा दारांशी थांबली तर परवडते, दहा गल्ल्यांत एकेका दाराशी थांबली तर नाही. नोव्हेंबर १९९९ला शेअर बाजारात आले, जुलै २००१ला दिवाळं. पेट्स डॉट कॉम तर फेब्रुवारी २०००ला बाजारात आली आणि त्याच नोव्हेंबरात बंद झाली. कुत्र्याच्या खाण्याची गोणी जड, तिच्यावरचा नफा चिमूटभर, आणि ती घरोघर पोचवायची. जितकी विक्री जास्त तितका तोटा जास्त.

ॲमेझॉनही तोट्यातच होती. पण फेब्रुवारी २०००मध्ये, बाजार कोसळायच्या जेमतेम महिनाभर आधी, तिने युरोपात ६९ कोटी युरोचे रोखे विकून पैसे हातात घेतले होते. शंभर डॉलरच्या वर गेलेला शेअर २००१मध्ये सहाच्या खाली आला, लोक हसले, पण पगार आणि मालाची देणी भागत राहिली. २००१च्या शेवटच्या तिमाहीत पहिला नफा दाखवला, सुमारे ५० लाख डॉलर. ती संधी महिनाभराने हुकली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा करते.

मी यातून एवढंच घेतलं: कल्पना कशी आहे हे नंतर. काहीही न येता किती महिने चूल पेटती राहील, हे आधी विचारायचं.

#३ काकी_तारकर्ली

आमचं न्याहारी-निवास आहे, चार खोल्या. माका या शेअरबाजारातलं काय कळत नाय, पण दादांनी पत्त्यांचं लिहिलं ते अगदी खरं. आमच्या खोल्या तीन-चार ॲपांवर आहेत. पाहुणा आला की मी पहिलं काम करते ते वहीत नाव, गाव, फोन आणि काय आवडीने खाल्लं ते लिहायचं. 'बोरिवली, दोन मुलं, तिसऱ्या दिवशी पण तिसऱ्यांचं सुकं मागितलं.' आज पाच वह्या झाल्या. दिवाळीत आणि मेमध्ये निम्म्या खोल्या या वहीतूनच भरतात.

स्टेझिला २०१७च्या फेब्रुवारीत बंद पडलं तेव्हा आमच्या वाडीत त्याची पुष्कळ चर्चा झाली. आमच्यासारखी घरंच ते लावून द्यायचे. कंपनी बंद म्हणजे तिथले पाहुण्यांनी लिहिलेले चांगले शब्दपण बंद. घर तेच, माणसं तीच, आणि नव्या ॲपवर आम्ही परत शून्यावर. म्हणून आता कोण चांगलं लिहून गेला तर मी मुलीला फोटो काढून ठेवायला लावते.

आणि एक. ॲपवाल्यांचा नकाशा आमचं घर कर्ली खाडीच्या पल्याड दाखवायचा. रात्री अकराला पाहुणे देवबागच्या टोकाला जाऊन उभे. तीन वर्षं कळवलं, कोणी आलं नाही बघायला. माझ्या मुलीने कुठेतरी वाचून सांगितलं, की एअरबीएनबीच्या मुलांचा धंदा चालत नव्हता तेव्हा ती स्वतः न्यूयॉर्कला घरोघर जाऊन फोटो काढून आली. तेव्हा वाटलं, म्हणून ते टिकले असतील. आमच्या दारात त्या तीन वर्षांत एकजण जरी आला असता!

#४ रत्नदुर्ग२४

सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो. मी याच क्षेत्रात नोकरी करतो.

बाहेरचा पैसा घेणं म्हणजेच बुडणं, असा सूर लागतोय, तो मला पटत नाही. फ्लिपकार्ट २००७मध्ये दोन माणसांनी स्वतःच्या थोड्या पैशांवर पुस्तकं विकायला काढलं. पण आपल्याकडे तेव्हा कार्ड होती किती जणांकडे? आणि होती त्यांचा विश्वास कुठे होता? २०१०मध्ये 'माल हातात आल्यावर पैसे द्या' सुरू केलं आणि चित्र बदललं. रोख गोळा करायची, परत आलेला माल सांभाळायचा, पैसे अडकून राहणार ते सोसायचं, हे पदरच्या पैशांवर होत नाही. २०१८मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर देऊन ७७ टक्के हिस्सा घेतला.

उलट उदाहरणंही देतो. घरपोच सामान देणाऱ्या डन्झोकडे २०२२मध्ये रिलायन्सने पुढाकार घेऊन उभे केलेले २४ कोटी डॉलर आले, जानेवारी २०२५मध्ये ॲप बंद. ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या बायजूजची किंमत २०२२मध्ये २२ अब्ज डॉलर धरली जायची, २०२४च्या जुलैत दिवाळखोरीची कारवाई सुरू. म्हणजे पैसा होता म्हणून वाचले असंही नाही. मी जवळून पाहिलंय ते असं, की भरपूर पैसा आला की गिऱ्हाईक खरोखर आपल्यासाठी येतंय की सवलतीसाठी, हे कळेनासं होतं. सवलत बंद केली की दुसऱ्या महिन्यात कळतं. तेव्हा ऑफिसात जी शांतता असते ती मी दोनदा अनुभवली आहे.

#५ शिमगा_मंडळी

धंद्याचं नाही, पण यातच बसतं. आमच्या गावाची ऑर्कुटवर कम्युनिटी होती. २००६ ते २०११ची पालखी, नाचवलेली निशाणं, मुंबईकरांनी काढलेले सगळे फोटो तिथे. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं. गुगलने फोटो उतरवून घ्यायला मुदत दिली होती, पण तोवर आम्ही फेसबुकवर गेलो होतो, कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्यातले तीन म्हातारे आता नाहीत. त्यांचे पालखी खांद्यावर घेतलेले फोटो फक्त तिथेच होते.

#६ कलमवाला (राजापूर)

खाडीकाठ, माझी कलमांची रोपवाटिका आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला माझंच काम आठवलं.

अमेरिकेचं सरकार नव्या धंद्यांची नोंद ठेवतं. सगळे धंदे धरून, पहिल्या वर्षात साधारण पाचातला एक जातो आणि पाच वर्षांत निम्मे. पण पुढचं कोणी सांगत नाही: जे तगतात, त्यांचं दरवर्षी जाण्याचं प्रमाण कमी कमी होत जातं. कलमाचं तंतोतंत असंच आहे. पहिले दोन उन्हाळे पाणी दिलंत तर जगलं. मर होते ती तेव्हाच. मुळं जांभ्यात शिरली की पुढे त्याला तुमची गरज उरत नाही.

आणि पहिल्या तीन-चार वर्षांत मोहोर आला तर आपण काय करतो? खुडतो. जीव तुटतो, पण खुडतो, कारण लहान कलमाने फळ धरलं की वाढ खुंटते. हे लोक नेमकं उलटं करतात. दोन वर्षांचं कलम, त्याला खतपाणी मारून मारून शंभर फळं धरायला लावतात, कारण पैसे लावणाऱ्याला फळं दाखवायची असतात.

मोहोर खुडणाऱ्यांतलं मला ठाऊक असलेलं चांगलं उदाहरण म्हणजे नोकरी डॉट कॉम. संजीव बिखचंदानी यांनी १९९७मध्ये सुरू केलं. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती घ्यायच्या आणि वेबसाइटवर टाकायच्या. घर चालावं म्हणून ते स्वतः एका वर्तमानपत्रात काम करत होते. २०००च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआय व्हेंचरकडून ७ कोटींच्या आसपास मिळाले, आणि लगेच बाजार कोसळला. त्यांनी बराचसा पैसा बँकेत ठेवला आणि जपून, माणसं नेमून कंपन्यांकडून जाहिराती मिळवण्यावर खर्चला. २००६मध्ये त्यांची कंपनी इन्फो एज शेअर बाजारात आली. प्रवासाची तिकिटं विकणारी मेकमायट्रिपही २०००चीच. इथे तिकिटं विकत घेणारं कोणी नाही म्हटल्यावर तिचे संस्थापक दीप कालरा यांनी अमेरिकेतल्या भारतीयांवर भर दिला आणि भारताकडे २००५मध्ये वळले, लोक रेल्वेची तिकिटं ऑनलाइन काढायला शिकल्यावर.

#७ सुरंगी

कलमवाला, मोहोराचं फार नेमकं सांगितलंत. त्यावरून फॅबमार्ट आठवलं. १९९९, बंगळूर. हरी मेनन, व्ही. एस. सुधाकर आणि त्यांचे सहकारी. गाण्यांच्या सीडी, पुस्तकं, मग किराणा, सगळं ऑनलाइन. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेतून कर्रकर्र आवाज करत लागणारं. चाललं नाही. पण ते उठून गेले नाहीत, किराण्याची खरीखुरी दुकानं काढली, भाजी कशी नासते, तांदूळ कुठून येतो हे शिकले. ती दुकानं पुढे आदित्य बिर्ला समूहाकडे गेली. २०११मध्ये त्यातल्याच माणसांनी बिगबास्केट काढलं आणि २०२१मध्ये टाटांनी त्यातला मोठा हिस्सा घेतला. वेबसाइटचा जो भाग इंडियाप्लाझा म्हणून वेगळा राहिला तो २०१३मध्ये बंद पडला.

मधली ती बारा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. दादा, भाच्याने आंब्याच्या आढीला कधी हात लावलाय का?

#८ पुण्याचा_भाचा

मामा, मीच. आईने लिंक पाठवली. राग आलेला नाही, उलट बरं वाटलं की तुम्ही नुसतं नाही म्हणून मोकळे झाला नाहीत.

सुरंगीताई, आढी घातली आहे. दहावीपर्यंत प्रत्येक मे महिना मामाकडेच. गवताचा थर, आंब्याचा थर, आणि पाचव्या दिवसापासून वास घेऊन वरखाली करायचं, हे मला येतं. पण माझे दोन मित्र सोलापूर आणि नागपूरचे आहेत, त्यांना येत नाही, हे मान्य.

हिशेब लिहितो, लपवण्यासारखं काही नाही. दोन डझनाचा बॉक्स १८०० रुपयांना. मामाला ११००. बॉक्स आणि गवत ७५. देवगड ते पुणे ११०. घरपोच १३०. साका (आतून गर खराब) किंवा डागी निघाला तर बदलून द्यायचा, शंभरात सात बॉक्स धरले, म्हणजे १२६. ऑनलाइन पैसे घेण्याचे ३६. हातात उरतात २२३. पण जाहिरात करून एक नवं गिऱ्हाईक आणायला साडेतीनशे पडतात.

#९ रत्नदुर्ग२४

म्हणजे पहिल्या बॉक्सला १२७ रुपये खिशातून. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं तरच कमाई. या हंगामात किती जणांनी दुसऱ्यांदा मागवला? आणि तुम्ही तिघे नोकरी सोडणार आहात का?

#१० पुण्याचा_भाचा

या वर्षी फक्त ऑफिसात आणि ओळखीत विकले, ४१ जणांना, जाहिरात न करता. त्यातल्या १७ जणांनी पुन्हा मागवले. नोकरी सोडायचा विचार होता.

#११ रत्नदुर्ग२४

४१ जणांतले १७ परत आले, हा आकडा चांगला आहे, खरंच चांगला. पण नोकरी सोडू नका. तिघांनी महिन्याला २५ हजार घ्यायचे म्हटले तर वर्षाचे ९ लाख. २२३च्या हिशेबाने चार हजारांवर बॉक्स लागतील, तेही जाहिरातीचा एक रुपया न धरता. आंब्याचे दिवस सत्तर, पगाराचे महिने बारा. आणि ॲप कशाला? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये वाशीचा रस्ता अडला तेव्हा कितीतरी बागायतदारांनी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आंबा विकला. पैसे यूपीआयवर. तेव्हा कुणाकडे ॲप होतं?

#१२ कलमवाला (राजापूर)

आणि एखादं वर्ष कोरडं जाणार हे आधीच धरून चाला. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं, तोडीला आलेला आंबा एका दिवसात जमिनीवर. बागायतदार त्यातून वाचला, कारण त्याच्याकडे काजू आहे, थोडा नारळ आहे, मुंबईहून मुलगा पैसे पाठवतो. ज्या कंपनीकडे फक्त आंबा आहे आणि डोक्यावर ऑफिसचं भाडं आहे, ती त्या वर्षी काय करेल याचं उत्तर कागदावर लिहून ठेवा.

#१३ काकी_तारकर्ली

भाच्या, मामाचं नाव आणि फोन बॉक्सवर घाल हां. खाणाऱ्याला कळूदे कोणाचा आंबा ता. २०१८मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पण कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकणारे थांबलेत काय? माणसाचा फोन नंबर असलेला बॉक्स दिसला की गिऱ्हाईक निदान विचारू शकतं.

#१४ खाडीकाठ (देवगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस भाच्याशी फोनवर बोलतोय, गणपतीपर्यंत थांबलो नाही.

ठरलं ते असं. ३ लाख नाहीत. चाळीस कलमांचा आंबा त्याला, पण उधारी आठवड्याची: दर सोमवारी आधीच्या आठवड्याचा हिशेब चुकता, नाहीतर पुढची तोड वाशीला. पट्टी कागदावर, त्याच्या सहीची. बॉक्सवर माझं नाव आणि फोन. गिऱ्हाइकांची यादी दोघांकडे. नोकरी तिघांचीही चालू. पहिली दोन वर्षं ॲप नाही, फोन आणि व्हॉट्सॲप. माळ्यावरचे साडेतीनशे बॉक्स छापलेली बाजू आत करून वापरता येतात का ते तो बघून सांगणार आहे, म्हणजे ७५ रुपयांतले थोडे वाचतील.

काल रात्री त्याने ४१ नावांची यादी पाठवली. इतकी वर्षं आंबा विकतोय, पण आपला आंबा खाणाऱ्यांची नावं अशी एका खाली एक कधी वाचली नव्हती. आज सकाळी वारज्याच्या एका बाईंना फोन लावला. आधी त्यांना कळेना कोण बोलतंय. मग म्हणाल्या, चव फार छान होती, पण दुसऱ्या बॉक्समध्ये चोवीसात तीन साक्याचे निघाले. मुलाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं.

वहीत लिहून घेतलंय. १२ मेची तोड, खालच्या अंगाची कलमं असणार. तिथला आंबा पुढच्या वर्षी आठवडाभर आधी काढायला हवा.